पुन्हा पाचवीत बसवू का?

प्रश्न : आदरणीय बाई, सा. न.

कराड तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. माझा मुलगा यंदा पाचवीत होता, इथल्याच मराठी शाळेत. १ मेला निकाल लागला. गणितात ५० पैकी १३ आणि इंग्रजीत १४. बाकीचे विषय कसेबसे निघाले. सर म्हणाले, जूनमध्ये पुन्हा परीक्षा होईल, त्यातही नाही निघाला तर परत पाचवीतच बसावं लागेल.

निकालाच्या दिवशी घरी आला आणि 'प्रगतिपुस्तक मिळालंच नाही' म्हणाला. चार दिवसांनी ते गव्हाच्या पिंपात सापडलं. वरचे दोन ओंजळी गहू बाजूला केले आणि हाताला लागलं. ह्यांनी बघितलं आणि त्याला एक ठेवून दिली. तेव्हापासून तो ह्यांच्याशी बोलत नाही.

घरात प्रत्येकाचं वेगळं. हे म्हणतात, बसू दे पुन्हा पाचवीत, पाया पक्का होईल. सासूबाई म्हणतात, डोकं नाही त्याला, नका मागे लागू, म्हशी बघेल. दीर म्हणतात, दाखला काढा आणि इंग्लिश मीडियमला घाला. मोठी मुलगी आठवीत आहे, तिला पाचवीत शिष्यवृत्ती मिळाली होती, त्यामुळे शाळेतही सगळे 'हिचा भाऊ आणि असा?' म्हणतात. कराडला एक क्लास आहे, महिना १२०० रुपये. तिकडे घालावं का?

मला कळत नाही ते वेगळंच आहे. हा मुलगा रोज संध्याकाळी आजीबरोबर डेअरीला दूध घालायला जातो आणि चिठ्ठी बघून पैसे तोंडी सांगतो. साडेतीन लिटर, ५२ चा दर, तर म्हणतो १८२. मशीनच्या आधी सांगतो. मग गणितात १३ कसे? मोबाईलवर मी डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातच येणाऱ्या अडचणीचं, बघितलं, तसलं काही असेल का? वाचायला दिलं की अडखळतो, जोडाक्षर आलं की थांबतोच. गणिताच्या पेपरची झेरॉक्स सरांकडून मागून घेऊन सोबत जोडली आहे. त्याला पुन्हा पाचवीत बसवू की कसंही करून पुढे काढू?

– एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र ७ मेला मिळालं. अंक छापून येईपर्यंत सुट्टीतले दिवस वाया गेले असते, म्हणून हे उत्तर मी तुम्हाला आधीच टपालानं पाठवलं. तुमची परवानगी घेऊन आता इथे देते आहे, कारण या महिन्यात अशीच आणखी चार पत्रं आली आहेत.

पेपरची झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. गेली काही वर्षं हे सदर लिहिते आहे, त्याआधी ३४ वर्षं सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवलं. पालक गुण सांगतात, पेपर क्वचितच पाठवतात. १३ या आकड्यावरून मला काहीच कळत नाही. पेपरवरून बरंच कळलं.

पहिलाच प्रश्न बघा. 'अंकात लिहा : पाच हजार त्रेसष्ट.' त्यानं लिहिलंय ५०००३६. सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि पुढे गेले. पन्नास पेपर तपासायचे असतात, मीही तेच केलं असतं. पण या एका उत्तरात तुमच्या मुलाची सगळी अडचण मांडून ठेवली आहे. 'पाच हजार' ऐकलं, ५००० लिहिले. मग 'त्रेसष्ट' ऐकलं. आपल्या मराठीत सुट्टे आधी बोलतात आणि दशक नंतर. त्रे म्हणजे तीन आधी, साठ मागून. कानाला जे आधी आलं ते त्यानं आधी लिहिलं, ३ आणि मग ६. आणि ते ५००० ला शेपटासारखं जोडलं. म्हणजे जे ऐकलं ते इमानदारीनं लिहिलंय. पाच हजारांतलं शतकाचं आणि दशकाचं घर रिकामं आहे आणि त्यातल्या दशकाच्या घरात सहा जाऊन बसतात, हे त्याच्या मनात अजून उभंच राहिलेलं नाही.

आता खाली वजाबाकी आहे, ४०२ वजा १७८. उत्तर लिहिलंय ३७६. बऱ्याच जणांना वाटेल अंदाजानं ठोकलं. अजिबात नाही. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्यानं आठातून दोन काढले, ६. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य, ७. चारातून एक, ३. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. त्याची स्वतःची एक पद्धत आहे आणि ती तो शेवटपर्यंत नेमानं पाळतो. पानावरच्या पाचही वजाबाक्या त्यानं अशाच केल्या आहेत, त्यात जिथे हातचा लागत नाही ती एक बरोबर आली आहे. ज्या मुलाला डोकं नाही तो असा नेम पाळत नाही. सासूबाईंना हे पान दाखवा आणि असंच समजावून सांगा.

ही दोन्ही दुखणी पाचवीतली नाहीत. एकक, दशक, शतक हे दुसरी-तिसरीचं काम. तुमचा मुलगा २०२४-२५ ला पाचवीत, म्हणजे २०२०-२१ साली तो पहिलीत होता. आठवतंय ना ते वर्ष? पहिलीचा वर्ग त्यानं बघितलाच नाही. गावाकडच्या पहिली ते चौथीच्या शाळा डिसेंबर २०२१ मध्ये उघडल्या, तेव्हा तो दुसरीत होता आणि ते वर्षही अर्धं सरलं होतं. जानेवारीत पुन्हा काही दिवस कुलूप लागलं. ज्या वयात मूल काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधतं, पाटीवर काना-मात्रा गिरवतं, ते वय त्यानं घरात काढलं. त्या काळात घरात मोबाईल एकच असेल आणि तो बहुतेक तुमच्या ह्यांच्याबरोबर कामावर जात असेल. मग वर्ग पुढे सरकत गेले आणि तोही सरकला. दुसरीच्या पायरीवर राहिलेलं मूल पाचवीच्या बाकावर बसलं आहे, एवढंच झालंय. माझ्या मते बाकी सगळे निर्णय हे धरूनच घ्यायला हवेत.

चौथीपर्यंत शाळेनं कधी सांगितलं नाही, असं तुम्हाला वाटत असेल. जुनी प्रगतिपुस्तकं काढून श्रेणीच्या खालच्या नोंदी वाचा. 'वाचनाचा सराव आवश्यक', 'संख्यालेखनात चुका' असं कुठेतरी लिहिलेलं असणार. आपण सगळे श्रेणी बघतो आणि सही करतो. शिक्षकही ती नोंद करून मोकळे होतात. मी स्वतः अशा शेकडो नोंदी केल्या आहेत आणि त्यातल्या किती पालकांना बोलावून समजावल्या, हे आठवलं की वाईट वाटतं.

आता नियमाचं सांगते, कारण गावात त्याबद्दल वाटेल ते बोललं जातं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत कुणालाच त्याच वर्गात ठेवायचं नाही असं ठरलं होतं. २०१९ साली केंद्रानं कायद्यात बदल करून पाचवी आणि आठवीपुरती राज्यांना मोकळीक दिली. आपल्या राज्यानं २०२३ मध्ये नियम केले. पाचवीला दर विषय ५० गुणांचा, त्यात १० तोंडी-प्रात्यक्षिकाचे आणि ४० लेखी. पास व्हायला १८ लागतात. नाही मिळाले तर निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा, आणि त्याआधी मुलाला जादा शिकवणं ही शाळेची जबाबदारी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मुख्याध्यापकांना भेटून नम्रपणे विचारा, 'जादा मार्गदर्शन कोणत्या तारखेपासून आणि किती वाजता?' भांडायला जाऊ नका. पण विचारल्याशिवाय घरीही बसू नका. आणि पुनर्परीक्षेत नाही निघाला तरी त्याला शाळेतून काढता येत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत ती शाळा त्याची आहे.

तर बसवायचं की नाही? मी पुनर्परीक्षेच्या बाजूची आहे. पूर्ण मनापासून तयारी करून ती द्यावी. गणितात त्याला पाच गुण कमी पडताहेत आणि इंग्रजीत चार. हे अंतर सुट्टीत भरून निघण्यासारखं आहे.

तुमच्या यजमानांचं 'पाया पक्का होईल' हे मला कळतं. त्यांना मुलाचं भलंच हवंय. मीही एकेकाळी अगदी याच शब्दांत पालकांना सांगायची. १९९३ साली माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी चौथीत ठेवलं. तेव्हा ते आमच्या हातात होतं. पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ तिसरीतून चौथीत आला आणि दोघं एका बाकावर बसू लागले. मी त्या वर्षी त्याला काय शिकवलं? गेल्या वर्षी जे शिकवलं होतं तेच, त्याच क्रमानं, जवळजवळ त्याच शब्दांत. तो कुठे अडतो हे मी पहिल्या वर्षी बघितलं नव्हतं आणि दुसऱ्या वर्षीही बघितलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर धाकटा आला, मोठा आला नाही. मी दोनदा घरी गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो वीटभट्टीवर गेला होता. त्याला भागाकार येत नव्हता, हे मला आठवतं. पण त्याला वजाबाकी तरी येत होती का, हे आजही मला सांगता येणार नाही, कारण मी ते कधी तपासलंच नव्हतं. त्याच वर्गात पुन्हा बसवून पाया आपोआप पक्का होत नाही, ताई. पाया जिथे खचलाय तिथे जाऊन काम केलं तर होतो, आणि ते काम पाचवीत राहूनही करता येतं, सहावीत जाऊनही करता येतं.

म्हणून सुट्टीतले पहिले तीन आठवडे पाचवीचं पुस्तक मिटून ठेवा. क्लासलाही घालू नका. तिथे पाचवीचाच भाग पुन्हा घेतील, पंचवीस-तीस मुलांत, आणि तुमचा मुलगा पुन्हा ४०२ वजा १७८ बरोबर ३७६ असंच लिहील. ते १२०० रुपये राहू द्या.

त्याऐवजी असं करा. मुलांच्या खेळातल्या खोट्या नोटा दुकानात मिळतात. नाही मिळाल्या तर जुन्या वहीच्या कागदाच्या कापा. शंभराच्या, दहाच्या आणि रुपयाची नाणी म्हणून चिंचोके. त्याच्या हातात ४०२ द्या : शंभराच्या चार नोटा आणि दोन चिंचोके, दहाची एकही नाही. आता तुम्ही दुकानदार व्हा आणि १७८ मागा. तो आठ चिंचोके द्यायला जाईल आणि हातात दोनच असतील. गप्प बसा. सांगू नका. डेअरीवर हिशेब करणारं पोर आहे, ते स्वतःच म्हणेल, 'शंभराची मोड दे.' शंभराच्या एका नोटेच्या दहाच्या दहा नोटा द्या. त्यातल्या एकीची मोड म्हणजे दहा चिंचोके. आता त्याच्याकडे शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि चिंचोके बारा. त्यातून १७८ काढून दिले की उरतात दोन शंभर, दोन दहा, चार चिंचोके. २२४. हे सात-आठ वेळा हातानं झालं की मग वहीत तेच मांडायला लावा, प्रत्येक मोडीला कागदावर खूण करून. 'हातचा घेतला' हा शब्द त्याला पाठ आहे, पण तो हातचा म्हणजे मोड हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. पहिले आठ दिवस रोज एवढंच करा. कंटाळा येईल तुम्हाला. त्याला येणार नाही.

संख्या लिहिण्याचं दुसरं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्या 'वीस एक, वीस दोन' अशाही वाचायला दिल्या आणि मोठा गदारोळ झाला होता, मराठी मोडायला निघालेत म्हणून. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर तेव्हा पुन्हा पुन्हा समजावत होत्या की मुलं अडतात ती इथेच. वर्गात उभं राहून शिकवलेल्या माणसाला ते लगेच पटलं, कारण सदतीस सांगितलं की ७३ लिहिणारी मुलं आम्ही दरवर्षी बघत आलो. तुमचा मुलगा दुसरीत गेला तेव्हा तेच पुस्तक होतं, पण ते शिकायला शाळा तर हवी. तुम्ही घरी दोन्ही म्हणा, 'साठ तीन, त्रेसष्ट.' तो लिहिताना पुटपुटू लागला तर पुटपुटू द्या. पाटीवर हजार, शतक, दशक, एकक अशी चार घरं आखा आणि प्रत्येक संख्या त्या घरांत लिहायला लावा. रिकाम्या घरात शून्य. पंधरा दिवसांत ५०००३६ लिहिणं थांबेल, असं मी अनुभवावरून सांगते.

तोंडी हिशेबाबद्दल तुम्ही विचारलंत. डेअरीवर तो १८२ कसे काढतो, ते त्याला हळूच विचारा. बहुधा म्हणेल, तीन लिटरचे एकशे छप्पन्न आणि अर्ध्याचे सव्वीस. हा साडेतीनचा गुणाकार आहे, अपूर्णांकासकट. पाचवीचा अपूर्णांकाचा धडा त्याला तोंडी येतो आणि कागदावर तो त्याला ओळखत नाही. चिठ्ठी घरी आली की त्यानं तोंडानं सांगितलेलं वहीत लिहा, त्याच्या शब्दांत : '३ लिटरचे १५६, अर्ध्या लिटरचे २६.' मग शेजारी पुस्तकातल्यासारखं मांडा. दोन्ही एकच आहे हे त्याला दिसलं पाहिजे. हे काम मी यजमानांकडे देईन. रोज रात्री जेवणाआधी दहा मिनिटं, फक्त दुधाचा हिशेब, आणि चुकला तरी आवाज चढवायचा नाही.

आणि मारण्याबद्दल. एकदाच झालं असं तुम्ही म्हणाल. पण मुलानं प्रगतिपुस्तक पिंपात ठेवलं ते वडिलांच्या भीतीनं आणि भीती खरी ठरली. पुढच्या वेळी ते पिंपात नाही, ओढ्यात जाईल. शाळेत मारायला कायद्यानं बंदी आहे, घरातही ती आपण आपल्यावर घालून घ्यावी असं मला कळकळीनं सांगायचंय. यजमानांनी त्याच्याशी आधी बोलायला हवं. माफी वगैरे शब्द नाही आला तोंडात तरी चालेल, 'चल, आज मी येतो डेअरीला' एवढंही पुरेल.

वाचनाकडे येते. तिसरीचं मराठीचं पुस्तक कुणाकडून तरी आणा. एक उतारा मोठ्यानं वाचायला द्या, मध्ये अजिबात अडवू नका, कुठे थांबतो त्या शब्दांखाली तुम्ही नंतर बारीक रेघ मारा. दहा ओळींत पाच-सहापेक्षा जास्त रेघा आल्या तर दुसरीचं पुस्तक घ्या. जिथे तो न अडखळता वाचतो तिथून सुरुवात. 'लहान मुलांचं पुस्तक' म्हणून लाजेल, तर शेजारच्या छोट्या मुलाला वाचून दाखवायचं काम त्याला द्या. जोडाक्षरांत सगळ्यात जास्त दमवतो तो र. सर्व, चक्र, ट्रक, दऱ्या. चार ठिकाणी चार तऱ्हा. हे सगळे शब्द एकत्र करून शिकवले की मुलं गोंधळतात. एका आठवड्याला एकच तऱ्हा घ्या. रफाराचे शब्द भिंतीवर लावा, सूर्य, वर्ग, पर्वत, दर्शन, आणि आठ दिवस तेवढेच. गणितातली शाब्दिक उदाहरणं त्यानं पेपरात कोरी सोडली आहेत, बघितलंत ना? ती त्याला येत नाहीत असं मला वाटत नाही. त्यानं ती वाचलीच नसावीत.

डिस्लेक्सियाबद्दल मी पत्रावरून काही सांगू शकत नाही आणि कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ज्याची पहिली-दुसरी बुडाली त्याचं वाचन आणि ज्याला अध्ययन अक्षमता आहे (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) त्याचं वाचन वरवर सारखंच दिसतं. फरक कळतो तो नीट शिकवायला लागल्यावर. तीन-चार महिने रोज, त्याच्या पायरीवरून शिकवूनही अक्षर पुढे सरकलं नाही, आज ओळखलेला शब्द उद्या पुन्हा नवा वाटला, तर मात्र थांबू नका. शाळेमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या, समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या विशेष शिक्षकांना भेटा, ते जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतील. मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगते, तुमच्याकडे मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेची नोंद आहे, आणि प्रमाणपत्र असलं तर पुढे परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. त्यात कमीपणा काही नाही.

पण त्याआधी डोळे आणि कान तपासा. हे ऐकायला फार साधं वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, पण त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर राहून जातं. माझ्या वर्गात एक मुलगी फळ्यावरचं नेहमी चुकीचं उतरवायची आणि मी दोन महिने तिला 'लक्ष कुठे असतं तुझं' म्हणत होते. चष्मा आला आणि चुका गेल्या. ग्रामीण रुग्णालयात एका सकाळीत हे होऊन जाईल.

तीन आठवड्यांनंतर पाचवीचं पुस्तक उघडा. सगळं नको. मोठ्या संख्यांचं वाचन-लेखन, बेरीज-वजाबाकी, एका अंकानं गुणाकार-भागाकार, सोपे अपूर्णांक, मापनाची उदाहरणं. लिटर-मिलिलिटर त्याला तुमच्यापेक्षा चांगलं येईल. तोंडीचे १० गुण आहेत, त्याचा हा मुलगा उपयोग करून घेऊ शकतो. सरांना डेअरीच्या हिशेबाचं जरूर सांगा, त्यांना ते माहीत नसेल. इंग्रजीसाठी रोज पाच शब्द, वाचून आणि लिहून, आणि स्वतःबद्दलची पाच वाक्यं पक्की. सध्या त्याहून जास्त मागू नका. दिवसभरात सगळं मिळून तासभर, सकाळी उन्हं चढायच्या आत. बाकीचा वेळ त्याला विहिरीवर आणि आंब्याखाली जाऊ द्या.

मोठ्या मुलीला त्याची मास्तरीण करू नका. ती प्रेमानं शिकवेल, पण त्याला रोज तिच्यासमोर चुकावं लागेल आणि ते त्याला जड जाईल. शाळेत तुलना करतात ना, ते घरात तरी नको. इंग्लिश मीडियमचं दिरांना सरळ नाही सांगा. ज्याला मराठीतला रफार अडवतो त्याला सगळे विषय इंग्रजीत नेऊन टाकणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. आणि दाखल्यावर अनुत्तीर्णचा शेरा असतो, शाळा बदलून तो पुसत नाही.

एवढं करूनही पुनर्परीक्षेत राहिला तर? होऊ शकतं. तर मग शाळा सुरू व्हायच्या आधी, घरात, वडिलांनी त्याला सांगावं. पहिल्या दिवशी वर्गात कळता कामा नये. सोबतीची मुलं वरच्या वर्गात गेलेली असतील, तर त्यांच्याबरोबर संध्याकाळचं खेळणं तुटणार नाही याची तजवीज करा. पाहुण्यांसमोर तो विषय नको. आणि सरांना आत्ताच विचारून ठेवा : 'त्याच वर्गात ठेवलंत तर यंदा त्याला वेगळं काय शिकवाल?' त्यांच्याकडे उत्तर नसेल तर ही झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवा आणि ३७६ कसे आले ते दाखवा. मला १९९३ साली कुणी असं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

प्रगतिपुस्तकावर पालकाची सही राहिली असेल. ती यजमानांनी करावी, मुलगा समोर असताना, आणि करून झाली की पुस्तक त्याच्याच हातात द्यावं, शाळेत नेऊन देण्यासाठी.

जूनमधला पेपर झाला की त्याचीही झेरॉक्स मला पाठवा. गुण कळवले नाहीत तरी चालेल. मला त्याच्या हातची वजाबाकी बघायची आहे.